ओवीचं नाक आणि सोळावी भाजी

दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. वेळ पक्की लक्षात आहे, कारण नैवेद्य बारा वीसच्या आत दाखवायचा म्हणून सासूबाईंनी मला तिसऱ्यांदा घड्याळ बघायला लावलं होतं. तिथून हे सगळं सुरू झालं. पण ते मी नंतर सांगणार आहे. आधी सांगायचा धीर होत नाही.

पालेभाजीचं कसं असतं, चार जुड्या निवडल्या की परातभर ढीग, आणि कढईत पडली की मूठभर! किश्श्यांचं उलटं. घडतात तेव्हा मूठभर, पण बायका निवडायला बसल्या की परात पुरत नाही. आमच्याकडे असेच साठत गेले. बहुतेक हसण्यासारखे आहेत. मला मात्र आता हसताना मध्येच थांबायला होतं.

मी सातवी शिकलेली. लिहायची सवय नाही. वरच्या मजल्यावरची ज्योती म्हणाली, "बोलतेस तसं लिही, ऱ्हस्व-दीर्घ मी बघते." म्हणून लिहितेय. तीच सगळ्या बायकांना पाठवणार आहे.

* * *

आधी माणसं सांगते. आम्ही इंदिरानगरला राहतो, तीन मजल्यांची बिल्डिंग. दुसऱ्या मजल्यावर मी, माझे मिस्टर संदीप आणि आमची ओवी. संदीप अंबडला कंपनीत आहेत. ओवी तेव्हा पाच वर्षांची होती. खाली मंदाकाकू. दिंडोरीकडच्या, सगळा जन्म मळ्यात गेलेला, आता मुलाकडे असतात. आणि तिसऱ्या मजल्यावर ज्योती, ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते. संध्याकाळी पार्किंगमध्ये चटई टाकायची, आपापल्या जुड्या आणायच्या आणि निवडत बसायचं, असा आमचा नेम.

आणि ओवीचं नाक! ते वेगळं सांगायला पाहिजे, कारण हे सगळं त्या नाकाचंच आहे. पोरीला जन्मापासून वासाचं वेड. कुत्र्याच्या पिल्लासारखी सगळ्याला नाक लावायची. बाबांच्या सॉक्सपासून नव्या वहीपर्यंत. मंदाकाकूंनी तिला साहेब केलं होतं. जुडी आली की काकू तिच्यापुढे धरायच्या, "साहेब, तपासा." ओवी डोळे मिटून हुंगायची आणि निकाल द्यायची, "पास!" नाहीतर "नापास!"

एकदा ज्योतीनं मेथीची फार सुंदर जुडी आणली. बाहेरून हिरवीगार, पानावर डाग नाही. ओवीनं नाक लावलं आणि तोंड वाकडं केलं. "नापास. हिच्यात बेडूक झोपलाय."

ज्योती म्हणाली, "अगं, सगळ्यात महागाची घेतली मी!"

काकूंनी जुडीचा बंद सोडला. आत मधोमध, जिथं आवळून बांधलेलं होतं तिथं, काळा चिखल झालेला! बाहेरची पानं तोरा मिरवत होती आणि पोटात सगळं कुजलेलं. काकू म्हणाल्या, "बघ, आवळलं तिथंच आधी सडतंय. घरी आणली की पहिला बंद सोडायचा."

ओवी चटईवर उभी राहून म्हणाली, "बेडूक सापडला!"

* * *

बाजाराचं आम्ही वाटून घेतलं होतं. पंचवटीत भाजी ताजी मिळते, पण रोज कोण जाणार? म्हणून एकीनं जायचं आणि तिघींचं आणायचं. व्हॉट्सॲपवर ग्रुप केला, तिघींचाच. ज्योती त्यावर आदल्या दिवशी सूचना टाकायची.

एके दिवशी ज्योतीचे मिस्टर, प्रशांत भावजी, जिना उतरून खाली आले. चेहरा अगदी गंभीर. ज्योतीला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "काकूंना डॉक्टरकडे नेलं का? या वयात बरं नाही हे."

"काय झालं काकूंना?"

त्यांनी ज्योतीचाच फोन पुढे केला. त्यावर मेसेज होता, 'उद्या मंदाकाकूंची पाळी. सगळ्यांनी पिशव्या आणून द्याव्यात.'

काकूंना ऐकू गेलं. त्या हसता हसता चटईवर आडव्या झाल्या. "अहो प्रशांतराव, ती पाळी जाऊन पंधरा वर्षं झाली! भाजीची तेवढी राह्यलीय!"

त्या दिवसापासून ग्रुपवर 'नंबर' लिहितात.

* * *

ज्योतीला व्हिडिओ बघायची हौस. एका सोमवारी तिनं दोन जुड्या मेथी स्वच्छ धुतली, घट्ट झाकणाच्या डब्यात दाबून भरली, डब्यावर चिठ्ठी चिकटवली, 'मेथी, सोमवार', आणि फ्रिजमध्ये ठेवली. डबा नवा, वरती छापलेलं की आत वस्तू ताजी राहते.

गुरुवारी तिनं आम्हाला वर बोलावलं. डबा टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं. ओवी दारात उभी होती. तिसऱ्या मजल्यावरून पळत सुटली ती थेट पार्किंगमध्ये! आत मेथी नव्हतीच. हिरवा-काळा लगदा आणि तळाला पाणी.

मंदाकाकू म्हणाल्या, "बाई, भाजीलाबी जीव असतोय. तू तिला आंघोळ घातली, ओल्या अंगानं कोंडली आणि वर झाकण लावलं. तू राहशील का अशी चार दिवस?"

"मग कशी ठेवायची काकू?"

"न धुता. बंद सोडायचा, खराब पानं काढायची, कोरड्या सुती फडक्यात सैलसर गुंडाळायची आणि फ्रिजच्या खालच्या खणात ठेवायची. फडकं ओलं झालं तर बदलायचं. धुवायची ती चिरायच्या आधी."

ज्योतीला पटेना. तिनं डबा उलटा करून दाखवला. "अहो पण काकू, यावर लिहिलंय ना फ्रेश राहतं म्हणून!"

"डब्यावर लिहिलंय गं. मेथीला वाचता येतंय का?"

* * *

फडक्यांचा मग घरोघर तुटवडा झाला. पेपरात गुंडाळू म्हटलं तर काकू नको म्हणाल्या, ओली भाजी शाई ओढून घेते. मी जुन्या साड्या फाडल्या, उशीचे अभ्रे फाडले. एक दिवस काहीच मिळेना, तेव्हा संदीपचा मोठा नॅपकिन घेतला आणि त्यात शेपू गुंडाळून ठेवला. दोन दिवसांनी शेपू शिजवला, नॅपकिन झटकून घडी करून ठेवला. धुवायचं राहून गेलं.

संदीपला शेपूचा तिटकारा. नाव काढलं तरी ताटावरून उठतात. ते सकाळच्या शिफ्टला तोच नॅपकिन खांद्यावर टाकून गेले!

मशीनवर उकाडा, दिवसभर त्यानंच घाम पुसला. दुपारी त्यांचे साहेब लाइनवरून फिरत आले, थांबले आणि म्हणाले, "शेपू कोणी आणलाय रे डब्यात? दोन घास इकडं पण द्या."

संदीप घरी आले ते दारातूनच ओरडत. "लग्नाच्या आधी सांगितलं होतं, मला शेपू चालत नाही! आता घामसुद्धा शेपूचा येतोय!"

ओवी पळत गेली, त्यांच्या मानेला नाक लावलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "बाबा पास!"

तसं म्हणणारी ओवी मला अजून डोळ्यांपुढे दिसते.

* * *

आता माझं. मी घाबरट आहे. ओवी झाल्यापासून जास्तच. काही खाऊन तिला बाधलं तर, या विचारानं मी चांगली भाजीही टाकून द्यायची. एक पान पिवळं दिसलं की अख्खी जुडी घंटागाडीत!

गाडीवरचा भाऊ एकदा मला म्हणाला, "वहिनी, रोज एवढी भाजी! आमच्या गाडीचे डोहाळे पुरवताय का?"

काकूंनी ते ऐकलं. बादलीत वर पडलेली चवळईची जुडी उचलली, मला चटईवर बसवलं आणि एकेक पान माझ्या हातात देत शिकवलं. "हे पिवळं, म्हंजे म्हातारं झालं. काढून टाक, बाकीची चांगली हाय. हे सुकलंय, म्हंजे दमलंय. गार पाण्यात बसव, घटकाभरानं उठंल. आता हे बघ. काळं पडलं, बोटाला बुळबुळीत लागलं, पाणी सुटलं, आंबूस वास आला, की मग ते नाय उठत. चार पाण्यानं धुतलं तरी नाय. ते टाकायचंच."

"आणि थोडंसंच बुळबुळीत असलं तर?"

"त्याच्या शेजारचं पान बघ. आणि चाखून बघायला जाऊ नको. डोळा, बोट आणि नाक. देवानं दिलंय कशाला?"

मी ते सगळं ओवीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. 'डोळा, बोट, नाक.' अक्षर वाकडंतिकडं आहे, पण चूक एकही नाही. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. ते पान अजून आहे.

* * *

महालक्ष्म्यांच्या दोन दिवस आधी बाजाराला माझा नंबर होता. आमच्याकडे जेवणाच्या दिवशी सोळा भाज्यांची एक भाजी लागते. सोळा म्हणजे सोळा, पंधरा चालत नाही. पंधरा मिळाल्या, राहिला तांदुळजा. पंचवटीत एका कोपऱ्यात एक म्हातारी मावशी पोत्यावर तांदुळजा घेऊन बसली होती. मुळांना माती, पानं थोडी मलूल. समोरच्या गाळ्यावर तोच तांदुळजा पाणी मारून ठेवलेला, नुसता चकाकत होता.

मावशी म्हणाली, "घे बाई, आज पहाटेचा हाय."

मी म्हणाले, "मावशी, देवीला काय ही माती दाखवू?"

किती तोऱ्यात म्हणाले मी! आजूबाजूच्या दोघी-तिघी हसल्या. मावशी जराही रागावली नाही. "माती हाय म्हणून तर कळतंय ना आजचा हाय. देवीला धुऊन दाखव. तो चकाकतोय ना, ते पाणी हाय बाई."

मी चकाकणारा घेतला. पुढच्या खेपेला तिला शोधत गेले होते, कानकोंडी होऊन. ती जागा रिकामी होती. शेजारचीनं सांगितलं, "ती कधी येते, कधी नाय."

* * *

आता ते बारा दहाचं सांगते.

सासूबाई गावाहून आल्या होत्या. फार कडक सोवळं त्यांचं. त्या घरात असल्या की मी पाणीसुद्धा विचारून पिते. भाज्या आणल्या तशी मी फडकं काढलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, नेसलेल्या साडीचं फडकं! नैवेद्याच्या भाजीला? ओवळं ते."

मग मी नवी कोरी प्लॅस्टिकची पिशवी काढली. "आणि धुऊन ठेव," त्या म्हणाल्या. "बाजारात कोणाकोणाचे हात लागलेले असतात." मी धुतली. ओलीच पिशवीत भरली आणि वरून गाठ मारली. ज्योतीच्या डब्याला मी किती हसले होते! तेव्हा एकदाही मनात आलं नाही की मी तेच करतेय. देवीचं आहे म्हटल्यावर ते निराळंच वाटलं.

जेवणाच्या दिवशी सकाळी गाठ सोडली. तांदुळजाची पानं एकमेकांना चिकटलेली, दोन-चार काळी. बोटाला बुळबुळीत लागलं. मी पिशवीकडे वाकले तोच सासूबाई मागून म्हणाल्या, "वास नको घेऊस हां! नैवेद्याचं आहे."

आपल्यात फूलसुद्धा हुंगून देवाला वाहत नाहीत. नैवेद्य तर चाखायचा नाही, हुंगायचाही नाही. मी श्वास धरला. काळी पानं काढली, बाकीची चार पाण्यानं धुतली आणि चिरली. टाकली असती तर सोळाच्या पंधरा झाल्या असत्या. आणि सासूबाईंना काय सांगणार होते?

घरभर धूप, कापूर, पुरण. नऊ वाजता भाजी शिजली आणि ओट्यावर झाकून राहिली. बारा वाजता पानं वाढली.

बारा वाजून दहा मिनिटं झाली. ओवी नवा परकर नेसून महालक्ष्म्यांपुढे उभी होती. मी भाजीची वाटी पानावर ठेवली. ओवी वाकली, नाक लावलं, आणि सगळ्यांपुढे मोठ्यांदा म्हणाली,

"नापास! आई, हिच्यात बेडूक आहे!"

पंधरा-वीस माणसं होती घरात. सासूबाईंचा चेहरा मी पाहिला आणि ओवीला चापट मारली. गालावर मारली, पण बोटं नाकाला लागली. तिचं नाक लाल झालं.

सासूबाई म्हणाल्या, "नैवेद्य उष्टावला पोरीनं. घास नाक देवीपुढे."

ओवीनं नाक घासलं. गुडघे टेकून, दोनदा. मग न रडता पाटावर बसली आणि तिच्या पानातली भाजी सगळ्यात आधी संपवली. वाटी मला दाखवून म्हणाली, "आई, संपली बघ."

मी म्हणाले, "शहाणी माझी बाई."

* * *

दिवेलागणीपर्यंत तिला पाच उलट्या झाल्या. मग जुलाब. संदीप गाडीवर आणि मी मागे तिला घेऊन, असे दवाखान्यात पोचलो. तिला सलाईन लावलं. एवढासा हात, त्यावर एवढी मोठी पट्टी. सासूबाईंचंही पोट बिघडलं होतं, पण त्या पुरण जड झालं म्हणत राहिल्या.

डॉक्टरांनी काय काय खाल्लं ते विचारलं. भाजीवर थांबले. "किती वेळ बाहेर होती?"

"नऊपासून," मी म्हणाले. "जेवायला दोन वाजले."

"चिरताना कशी होती? वास आला होता का काही?"

मी खाली बघितलं. संदीपनं माझ्याकडे बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "नैवेद्याचा वास घेत नाहीत हो."

डॉक्टर म्हणाले, "भाजीनंच झालं असं छातीठोक नाही सांगत मी. पण चिकट झालेली पालेभाजी खायला द्यायची नाही. आणि शिजवलेलं अन्न पावसाळी हवेत पाच तास बाहेर ठेवायचं नाही." मग ओवीकडे वळून हसले, "काय गं, तुला आला होता का वास?"

ओवीनं आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मला माहीत नाही. मी नाही घेतला वास."

पाच वर्षांची पोर. तोंडाला कोरड पडलेली. मला सांभाळून घेत होती!

* * *

दोन दिवसांत ओवी बरी झाली. नाक मात्र बरं झालं नाही.

पार्किंगमध्ये काकूंनी जुडी पुढे केली, "साहेब, तपासा." ओवी म्हणाली, "पास." हुंगलंच नव्हतं. दुसरी केली, "पास." तिसरी काकूंनी मुद्दाम सडकी धरली. "पास."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. एरवी त्या मला दहा गोष्टी सुनावतात. त्या दिवशी नुसती ती जुडी उचलून बादलीत टाकली. तेच जास्त लागलं.

पुढे एकदा शाळेतून ताईंचा फोन आला. पालकाच्या पुऱ्यांची कणीक मी आदल्या संध्याकाळी भिजवून ओट्यावर विसरले होते, सकाळी गडबडीत तशीच तळली. ताई म्हणाल्या, "डबा उघडला तर शेजारची मुलं उठून गेली. तुमची ओवी मात्र खात होती. मी काढून घेतला."

घरी आल्यावर विचारलं, "ओवी, वास नाही आला तुला?"

"चांगला होता."

मला धडकी भरली. हिचं नाक खरंच गेलं की काय? नाकाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बॅटरी लावून बघितलं, म्हणाले, नाक उत्तम आहे. तरी मला चैन पडेना. घरी येऊन फिनेलच्या बाटलीचं झाकण उघडलं आणि लांबूनच दाखवलं. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, एवढा उग्र.

"कसाय गं वास?"

तिचे डोळे भरले. फिनेलनंच भरले असतील. म्हणाली, "चांगला आहे, आई."

मी तिला जवळ घेतलं, माफी मागितली. पाच वर्षांच्या पोरीची माफी कशी मागतात ते कोणी शिकवलेलं नसतं. "माझं चुकलं, तू बरोबर होतीस, तू वास घेत जा," असं मी रोज म्हणायची. ती रोज मान हलवायची. आणि रोज सगळं पास.

सासूबाई गावी गेल्या होत्या. जाताना त्या त्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. वर्षभर फोनवर दोघी हवापाण्याबद्दल बोलत राहिलो.

* * *

यंदा महालक्ष्म्यांना सासूबाई आल्या. त्यांनी पिशवीतून एक गठ्ठा काढून माझ्या हातात दिला. सुती धोतर, कोरं, धुऊन वाळवून घडी केलेलं, चौकोनी तुकडे केलेले. "हे सोवळ्याचं आहे," एवढंच म्हणाल्या. मग संध्याकाळी खाली जाऊन मंदाकाकूंच्या चटईवर बसून आल्या.

भाज्या मी आदल्या दिवशी आणल्या. मुळांना माती असलेल्या. बंद सोडून, न धुता, धोतराच्या तुकड्यांत गुंडाळल्या. जेवणाच्या दिवशी अकराला धुतल्या, लगेच चिरल्या, पावणेबाराला शिजवल्या. सोळावा यंदा शेपू होता, तांदुळजा मला बघवला नाही.

पानं वाढली. घरात तीच पंधरा-वीस माणसं. मी घड्याळाकडे बघणार नव्हते, पण नजर गेलीच. बारा वाजून दहा मिनिटं.

ओवी मागे उभी होती, भिंतीला टेकून, हात मागे. गेल्या वर्षीपासून ती पूजेजवळ येत नाही.

मी भाजीची वाटी उचलली. सासूबाईंनी माझ्या हातातून ती काढून घेतली. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. त्या वाटी घेऊन महालक्ष्म्यांकडे पाठ करून वळल्या, सगळ्या माणसांमधून भिंतीपर्यंत गेल्या आणि गुडघे दुखतात तरी जमिनीवर टेकल्या. वाटी ओवीच्या नाकाखाली धरली.

"साहेब," त्या म्हणाल्या, "तपासा."

ओवीनं माझ्याकडे बघितलं. मला मान हलवायची होती, पण हलेना, नुसतं रडू येत होतं. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं डोळे मिटले, वाकली, आणि खोल श्वास घेतला. नाकपुड्या फुगल्या तिच्या. एकदम तोंड वाकडं केलं.

"शी! घाण येतोय!"

सासूबाईंनी वाटी तशीच धरून ठेवली. ओवीनं पुन्हा नाक लावलं, आणखी एकदा लावलं, आणि म्हणाली,

"शेपूचा घाण आहे. चांगला घाण. आजी, पास! देवीला सांग, खा म्हणावं. आणि सगळ्यांना सांग."

म्हणून सांगतेय. तुम्हीही सांगा पुढे.